तेरा बोंबलांचा भागाकार

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. नव्वदच्या सुमारास पनवेलच्या एका शाळेत मी मुख्याध्यापक होतो. तिसरीच्या बाई पालकसभेत आईवडिलांनाच मुलांच्या बुटक्या बाकांवर बसवून धडा घेत, म्हणजे मुलं काय शिकतात ते त्यांना कळावं. कुणाचं चुकलं की म्हणत, "असू दे, पुन्हा करू."

एकदा भागाकारासाठी त्यांनी एका मुलीच्या कोळीण आईला पुढे बोलावलं. तिने टेबलावर तेरा सुक्या बोंबलांचे चार वाटे लावले. एक उरला.

"ह्यो गिऱ्हाइकाला वर. नायतर ते परत येत नाय."

"मुलांनो, हीच बाकी!" बाई बाकांवरच्या पालकांना खुशीत म्हणाल्या.

नाकाला रुमाल लावून पालकांतले एक साहेब उठले. "सर, हे तुम्हाला विचारून चाललंय?"

परवानगी मीच दिली होती. एक वाटा घरी न्यायचंही ठरवलं होतं. तरी म्हणालो, "छे! मला कल्पनाच नाही."

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टेबल पुसलं. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडून तिसरीचा वर्ग काढून घेतला.

नंतर मी निवृत्त होईपर्यंत त्या रोज माझ्या खोलीत हजेरीची सही करायला येत. "बाई, मी खोटं बोललो," असं म्हणायला मी तोंड उघडायचो आणि विचारायचो, "खडू पुरेसे आहेत ना?"