पुण्यातून चालू केलेला जनरेटर

माझ्या वडिलांच्या, आबांच्या, फुप्फुसांनी साथ सोडली तेव्हापासून त्यांचा जीव ऑक्सिजनच्या मशीनवर होता, आणि मशीनचा जीव आमच्या कळसाडी गावच्या लाइटवर. म्हणून मी घरामागे जनरेटर बसवला. मी पुण्याला. लाइट गेल्यावर तो सुरू झाला का, डिझेल किती उरलं, हे आईला विचारून काही कळायचं नाही, तिचं उत्तर ठरलेलं, "समदं बरं शे." मग जनरेटरला एक छोटा बोर्ड जोडला, फुकट मिळणारं, कोणीही उघडून आपल्या सोयीने बदलावं असं सॉफ्टवेअर त्यावर चढवलं, आणि सगळं माझ्या मोबाइलवर दिसू लागलं. चालू-बंद करायची सोयही करून घेतली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण मला त्याची लाज वाटत नव्हती.

एका दुपारी लाइट गेली, जनरेटर सुरू झाला आणि लगेच बंद पडला. बिघाड नव्हता, कोणीतरी हाताने बंद केल्याची नोंद होती. मी फोन लावला. आई कुजबुजत बोलली. शेजारचे काका, आबांचे लहानपणापासूनचे सोबती, सकाळी गेले होते. मुलगी सुरतहून यायची म्हणून प्रेत अंगणातच होतं. आमच्याकडे प्रेत उचलेपर्यंत गल्लीत चूल पेटत नाही, टीव्ही लागत नाही. अशा वेळी भिंतीपलीकडे इंजिन धडधडवायचं नाही, असं आबांनी बजावलं होतं. घरातला छोटा सिलिंडर नेमका भरायला नंदुरबारला गेलेला. फोनमध्ये मला आबांची धाप ऐकू येत होती.

"माय, चालू कर," मी म्हणालो.

"आबा नही म्हनतस."

मला संताप आला. मेलेल्याचा मान राखायला जिवंत माणसाने गुदमरायचं, हा कुठला न्याय? मी बटण दाबलं.

जनरेटर गरजला आणि भिंतीपलीकडचं रडणं एकदम थांबलं. आई म्हणाली, "अरे, काय करं तू? लोके आपलाकडे देखी ऱ्हायनात." मग तिचा आवाज लांब गेला. आबा उठले होते. भिंत धरत धरत ते मागे गेले आणि त्यांनी डिझेलचा कॉक फिरवून बंद केला. माझ्या मोबाइलवर आलं, इंधन नाही. टाकी तर भरलेली होती. मी वेड्यासारखा बटण दाबत राहिलो.

नंतर आई फोनच उचलेना. संध्याकाळी तिनेच सांगितलं, मुलगी आली, काकांना नेलं, लाइटही आली. आबा तोवर काकांच्या ओट्यावर बसून होते, ओठ काळेनिळे पडेपर्यंत. मग त्यांनी फोन मागून घेतला.

"मन्हा दोस्त व्हता तो," ते थांबत थांबत म्हणाले. "त्याना दारशी आज तुन्हं इंजिन वाजनं."

"आबा, तुम्ही गेला असता!"

त्यांनी फोन ठेवला. आजही मी तेच म्हणेन. चुकलो असं मला वाटत नाही, आणि ते चुकले असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही, हेच मला खातं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावातल्या वायरमनकडून माझा बोर्ड काढून घेतला. जनरेटर आहे, लाइट गेली की आपोआप सुरू होतो म्हणे. मला इथे काही दिसत नाही. आबा फोनवर बोलतात. कापसाचं, उसाचं, कोणाच्या लग्नाचं. मी श्वासाचं विचारलं की फोन आईकडे देतात.