तिसरी हाक

आमच्या सासूबाई रानात कधीच वाट चुकत नसत. चुकायचं ते रानच. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं, आणि लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूचं म्हणणं खोडायचं धाडस माझ्यात नव्हतं. पुढे ते भरपूर आलं.

माझं माहेर म्हापशाचं, बाजाराला लागूनच. आमच्या लेखी रान म्हणजे शुक्रवारी टोपलीत बसून गावात येणारी वस्तू. करवंदं आली, भिरंडं म्हणजे कोकमं आली, की आई घासाघीस करून घ्यायची आणि रानाशी आमचा संबंध तिथेच संपायचा. लग्न होऊन इब्रामपूरला आले तेव्हा कळलं की ही सगळी फळं झाडाला लागतात आणि ती काढायला आपल्यालाच जावं लागतं.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला तो हा उन्हाळा. आमच्या ओसरीवर रोज संध्याकाळी मराठी की कोंकणी यावरून रण माजायचं. मराठीचा झेंडा सर्वांत उंच धरणारे माझे सासरे भांडायचे मात्र कोंकणीतून, कारण रागात दुसरी भाषा त्यांना सुचतच नसे. सासूबाई त्या वादात कधी पडल्या नाहीत. भाषेचं काहीही होवो, सोलं घालायला भिरंडं लागणारच, असा त्यांचा रोकडा हिशेब.

तर त्या दिवशी सासरे सभेला म्हापशाला गेलेले, नवरा डिचोलीच्या खाणीवर कामाला, आणि आम्ही दोघी टोपल्या घेऊन भिरंडांना निघालो. रानाच्या तोंडाशी एका दगडावर सासूबाईंनी राखणदाराला विडा ठेवला, हात जोडले आणि मला नियम सांगितले.

"रानात कोणाचा नाव घेवन हाक मारूची नाय. नुसती कूक घालूची. आनी आपल्याक हाक आयली तर पयलेक ओ दिवची नाय, दुसरेक दिवची नाय. दोन हाको चकवोय मारता. तिसरी मारता तो मनीस."

"आनी चवथी?" मी विचारलं.

"चवथी मारता तो पिसो," म्हणजे वेडा, असं म्हणून त्या चालू लागल्या.

भिरंडं भरपूर मिळाली. ओहोळाच्या काठाने लाल झालेली झाडं होती. सासूबाई आकडी लावून फांदी वाकवायच्या, मी तोडायची आणि अर्धी खायची. हात, ओठ, साडी सगळं लाल. माझ्या आयुष्यात इतकी मजा पूर्वी झाली नव्हती, हे मी त्यांना सांगितलंसुद्धा. त्या हसल्या नाहीत, पण पुढच्या झाडाखाली त्यांनी मला जास्त वेळ खाऊ दिलं.

परतताना घोळ झाला. त्यांची खूण म्हणजे एक मोठा माट. त्या झाडापाशी डावीकडे वळलं की गाव. माट काही येईना. बरंच चालल्यावर आम्ही काजूच्या कोवळ्या रोपांच्या एका मोकळ्या तुकड्यात पोचलो. माझ्या मते काजू लावायला कुणीतरी तो माट केव्हाच तोडला होता. मी तसं म्हणाले.

"वाट चुकाक नाय," त्या म्हणाल्या. "चकवो लागलो."

चकव्यावर उपाय म्हणजे अंगातलं वस्त्र उलटं घालायचं. भर उन्हात, रानाच्या मधोमध, झाडाआड जाऊन मी ब्लाउज उलटा करून घातला. शिवणी बाहेर, हुकांची पंचाईत. सासूबाईंनीही चोळी उलटी केली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनाही हसू आवरेना. चकवा असलाच तर आम्हाला पाहून तो नक्की पळाला असणार.

वाट मात्र तरीही सापडली नाही. त्यात उतारावर सासूबाईंचा पाय मुरगळला. घोटा बघता बघता सुजला आणि त्यांना पाऊल टेकवेना. मी घाबरले. त्या नाही. "ते झाडाची साल सोल," म्हणून त्यांनी केवणीचं झाड दाखवलं, आणि त्या सालीच्या पट्ट्यांनी स्वतःच घोटा करकचून बांधला. मग मला ओहोळात खड्डा करायला लावला. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकलं, निवळलं तेव्हा पानाच्या द्रोणातून प्यायलो. माझ्याकडे म्हापशाहून आलेले दोन उंडे होते. भिरंडांचा रस पिळून त्या पावाबरोबर खाल्ला. त्या म्हणाल्या, पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, हा उंडा असाच विकायला हवा.

पण ऊन उतरू लागलं तशी गंमतही उतरली. ओहोळाच्या काठची माती रानडुकरांनी ताजी उकरलेली होती. पाण्यावर ती संध्याकाळीच येतात, हे म्हापशाच्या मुलीलाही सांगायची गरज नव्हती. सासूबाईंना उचलून नेणं मला शक्य नव्हतं, सोडून जाणं तर नव्हतंच. कुणी येऊन आम्हाला शोधलं तरच आमची सुटका होती.

आणि हाक आली. लांबून, पण स्वच्छ. "कूऽऽ."

मी उठलेच. सासूबाईंनी माझा पदर धरला. "पयली," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने पुन्हा "कूऽऽ." माझ्या नवऱ्याचा आवाज मी ओळखला नसता तर कुणी ओळखायचा?

"दुसरी. आता तिसरी येतली. गप रव."

आम्ही श्वास रोखून तिसरीची वाट पाहिली. ती आली नाही. मग पार दुसऱ्या बाजूने हाक आली. एक. दोन. आणि पुन्हा शांतता.

"बघलंस? आवाज फिरता. मनीस आसतो तर तिसरी मारून मोकळो झालो आसतो," सासूबाई म्हणाल्या. पण माझा पदर त्यांनी आता दोन्ही हातांनी धरला होता.

पुढच्या खेपेलाही दोनच. आणि या वेळी आवाज दूर जात होता. माझं डोकं फिरलं. मी पदर सोडवून घेतला, उभी राहिले आणि जीव खाऊन नवऱ्याला त्याच्या नावाने हाक मारली. लग्नात उखाण्यात घेतलं होतं त्यानंतर ते नाव मी तोंडातून काढलं नव्हतं, आणि आता साऱ्या रानाला ऐकवलं. सासूबाईंनी कानावर हात ठेवले. मी श्वास घेतला आणि परत मारली.

झुडपं मोडत कुणीतरी धावत आलं. काट्यांनी शर्ट फाटलेला, कपाळावर ओरखडे. आमच्या उलट्या कपड्यांकडे त्याने पाहिलंही नाही.

"दोगांय आसात?" एवढंच विचारलं आणि मटकन खाली बसला.

कामावरून आला तर घराला कडी, म्हणून तो तसाच रानात शिरला होता. दम खाऊन त्याने आईला पाठीवर घेतलं, मी एकीवर एक ठेवून दोन्ही टोपल्या डोक्यावर घेतल्या, कारण भिरंडं टाकून यायला सासूबाई तयार नव्हत्या. पाठीवर बसताच त्यांनी त्याला फैलावर घेतलं. इतकं शिकवलं ते वाया गेलं, तिसरी हाक मारायला तोंडाला काय कुलूप लागलं होतं, बायकोला नाव घ्यायला लावलंस.

त्याने आईला पाठीवर जरा वर सरकवून घेतलं.

"बापाशीन सांगलेला," तो शेवटी म्हणाला. "तिसरी हाक शेवटची. तिका ओ आयली नाय तर मनीस रानान ठेवन घेतलो असा समजायचा आनी घराक येवचा. मगे सोधूचा नाय."

"असा कोण म्हणता? माका कोणी सांगूक नाय."

"झिलांक सांगतत." म्हणजे मुलग्यांना. मग चालता चालताच म्हणाला, "दोनांर थांबलंय तर आजून सोधूक मेळता. तिसरी मारूचो माका धीर जाला नाय."

मी मागून चालत होते, त्यामुळे सासूबाईंनी त्याच्या मानेवर गाल टेकलेला मला दिसला. मला रडू येत होतं आणि डोक्यावर टोपल्या असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते.

गावाच्या अलीकडे त्यांनी मान वळवून मला जवळ बोलावलं.

"गो, हेच्या फुडे रानात हाक आयकलंस तर पयलेकच ओ दी," त्या म्हणाल्या. "चकवो आसलो तर तेका मियां बघतंय."