पडद्याचे पेशंट

डोळ्यात थेंब घातले की बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ पेशंटला डोळे मिटून बसवतात. आणि माणसाचे डोळे मिटले की तोंड उघडतं, हा माझा पेणच्या दवाखान्यातला अनुभव! मी तिथे डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढते आणि दर गुरुवारी डॉक्टर मॅडमबरोबर रोह्याला पेशंट बघायला जाते. किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून खुर्चीवर येऊन बसतात.

*

गडबचे एक शेतकरी आजोबा होते. जुनी शुगर. मॅडम त्यांना स्क्रीनवर फोटो दाखवून समजावत होत्या, रक्तवाहिन्या कमकुवत झाल्यात, त्यातून पाणी झिरपलंय, पडद्याचा मधला भाग सुजलाय. आजोबांनी त्यांना थांबवलं. "म्हंजे बांध फुटला न् खारं पानी शेतात शिरलं. सरळ सांगा ना."

मॅडमना हे इतकं आवडलं की त्या सगळ्याच पेशंटना बांध फुटल्याचं सांगायला लागल्या. रोह्याच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "पण आम्हाला शेती नाहीये हो."

*

पडदा सुजला की सरळ रेघा वाकड्या दिसतात. म्हणून आम्ही चौकटी छापलेला एक कागद घरी देतो. रोज एकेक डोळा झाकून बघायचा, रेघ वाकली की लगेच यायचं. एक गवंडीकाका रेघा वाकल्यावर चार दिवसांनी आले. उशीर का केला विचारलं, तर म्हणाले, कागद भिंतीला लावून आधी ओळंबा सोडला, मग गुण्या लावला, सगळ्या रेघा तपासल्या.

"कागद बरोबर हाय तुमचा," ते मला म्हणाले. माझं टेन्शनच गेलं!

*

रोह्याच्या इक्बालचाचांचा पडदा सुटला होता. मुंबईला ऑपरेशन करून, पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात गॅस भरला. तो विरेपर्यंत विमान बंद, कारण वर गेलं की गॅस फुगतो आणि डोळा जाऊ शकतो. इकडे चाचांची सुट्टी संपलेली, आखातातली कंपनी रोज फोन करतेय. चाचांनी विचारलं, जहाजानं गेलं तर? मॅडम म्हणाल्या, जहाजाला हरकत नाही. चाचांचा चेहरा पडला.

"माझे आजा जहाजानंच गेलते. मला वाटलं, आमी फुडं गेलो."

*

आणि वसंतकाका. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात ते आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतात. बाकीची कामं कुणीही करेल, डोळे फक्त काकांनी. शुगरमुळे त्यांच्या उजव्या डोळ्यात जाळं धरलं होतं आणि ते पडद्याला ओढून सोडवत होतं. काका म्हणाले, गणपती गेल्यावर बघू. मॅडम म्हणाल्या, तोवर डोळा जाईल. शेवटी काकूंनी जेवण सोडलं, तेव्हा ऐन श्रावणात ऑपरेशन झालं. त्यांच्याही डोळ्यात गॅस, आणि तो वर चढून पडद्याला टेकावा म्हणून दहा दिवस मान खाली घालून पालथं पडून राहायचं. कारखान्यात मूर्ती बिनडोळ्यांच्या उभ्या होत्या.

काकूंचा रोज फोन यायचा. अजिबात मान वर करत नाहीत, जेवतातसुद्धा तसेच, कुरकुर म्हणून नाही. इतकं ऐकणारा पेशंट मॅडमनी आजवर पाहिला नव्हता. पाचव्या दिवशी त्यांना राहवेना. मला म्हणाल्या, चल, बघून येऊ.

काका घरी नव्हते. कारखान्यात बाकावर पालथे पडले होते, डोकं कडेबाहेर, उजव्या डोळ्याला पट्टी. खाली पोत्यावर गणपती उताणा निजवलेला. एक डोळा झाला की दुसरा, मग कामगार ती मूर्ती उचलून पुढची सरकवत होते.

"काका, हे काय चाललंय?" मॅडमचा आवाज चढला होता.

काकांनी मान तसूभरही हलवली नाही. "मॅडम, मुंडी खाली ठेवा बोललात. हाताचं कायच नाय बोललात."

मॅडम खाली पोत्याच्या कडेला बसल्या. आधी पट्टी उचलून काकांचा डोळा तपासला, मग मूर्तीकडे वाकून पाहिलं. पर्समधून त्यांनी टॉर्च काढली आणि माझ्या हातात दिली.

"इकडून धर," त्या म्हणाल्या. "त्यांच्या डोक्याची सावली पडतेय."