दाढ सुजली म्हणून सांगितलं

माझा मुलगा फौजेत आहे. गेल्या वर्षी त्याची पलटण शांतिसेनेत गेली, आफ्रिकेत, दक्षिण सुदानला. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं चालतं. तो सकाळी सहाला फोन लावायचा, तेव्हा आमच्याकडे साडेनऊ झालेले असायचे. कारंजा गावाजवळच्या घरात आम्ही दोघंच नवरा-बायको, मी आणि मालक. त्या वेळेला मालक संत्र्याच्या बागेतून येऊन हातपाय धुऊन बसायचे.

मुलगा तिथलं सांगायचा. पत्र्याच्या खोलीत चार जण राहतात. डोक्यावर निळी टोपी. पाण्याच्या टँकरसोबत बंदूक घेऊन जायचं, कारण वाटेत लुटतात. पाऊस लागला की रस्ता उरत नाही, गाडी पोटापर्यंत रुतते. एकदा त्यानं मला विचारून बेसनाची पातोडी केली आणि दहा जणांना वाढली. दगडासारखी झाली म्हणून सगळे हसले. मालक म्हणाले, "मायच्याच हातावर गेला तू."

उन्हाळ्यात मालकांच्या जिभेवर फोड आला. चाळीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळला, दुसरं काय होणार? वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला.

पोराला सांगायचं नाही, हे मी ठरवलं. बंदूक घेऊन फिरणाऱ्या माणसाचं डोकं ठिकाणावर पाहिजे. मालकांना पटलं नव्हतं.

"त्याले सांगू दे मले," ते म्हणाले.

"सांगून तो काय करन? उडत येईन का?"

"येईन बी. सुट्टी देतेत."

"अन् नाई देल्ली तर? तिथं रडत बसन अन् कोणाची गोळी खाईन."

ते उठून बागेकडे गेले. दुसऱ्या दिवशी मुलानं फोनवर पाहून विचारलं, "बाबा, तोंडाले दुपट्टा काऊन बांधला?" मालकांनी तोंड उघडायच्या आत मी फोन हिसकावून घेतला आणि सांगितलं, दाढ सुजली. तीन महिने मी हेच सांगत राहिले. मालक नुसतं हूं हूं करायचे. तेव्हा त्यांना बोलता येत होतं. माझ्या धाकानं बोलत नव्हते.

मग एका शनिवारी डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, "काकू, जीभ काढावी लागणार. त्यानंतर काकांचं बोलणं कोणाला समजणार नाही. जे बोलायचं ते आधी बोलून घ्या." ऑपरेशन गुरुवारी ठरलं. मी मालकांना म्हटलं, उद्या साडेनऊला पोराला सगळं तुम्हीच सांगा.

रविवारी फोन आला नाही. सोमवारीही नाही. मी लावला तर लागेना. त्याच्या पलटणीच्या भारतातल्या कचेरीचा नंबर एका कागदावर होता, तिथं लावला. तिथला बाबू म्हणाला, "माताजी, कॅम्प में पानी घुस गया है, टावर बंद है. मैसेज भेज देंगे." मी म्हटलं, "बेटा, बुधवार तक." तो म्हणाला, कोशिश करेंगे.

डॉक्टरीणबाईंकडे मी चार दिवस मागितले. आयुष्यात कोणापुढं हात जोडले नव्हते, तिथं जोडले. त्या म्हणाल्या, गळ्यात गाठी आल्या आहेत, आता थांबलो तर ऑपरेशनच होणार नाही.

बुधवार उजाडला. साडेनऊ वाजून गेले. मी मालकांना म्हटलं, फोनमध्ये बोलून ठेवा, मी पाठवते.

"मी काय रेडिओ होय का? समोर पोरगा नाई अन् भिताडाशी बोलू?"

दुपारपर्यंत मी समजावलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी मी फोन पदराखाली धरला, बोलणं भरायचं बटण दाबलं आणि भांडण काढलं. रागावल्याशिवाय हा माणूस बोलत नाही, हे मला माहीत होतं. मी खर्र्यावरून आणि त्यानं झालेल्या कॅन्सरवरून बोलले, सासूवरून बोलले, पोराला फौजेत कोणी धाडलं त्यावरून बोलले.

तेव्हा ते उठून बसले. "बस कर वं बुढे," म्हणाले. "खर्रा मी खाल्ला, भोगतो मी. पण दाढ सुजली म्हणून पोराले तू सांगितलं. तीन महिने पोरगा रोज समोर होता. एक डाव बोलू देल्लं नाई तू मले." मग परत आडवे झाले.

हे पाठवावं की नाही, याचा मी बराच विचार केला. दुसरं माझ्याकडे काही नव्हतं. पाठवलं.

गुरुवारी जीभ काढली.

चार दिवसांनी फोन आला. टॉवर सुरू होताच पोराला मी पाठवलेलं तेच आधी मिळालं होतं. कॅन्सर झाला हे त्याला आमच्या भांडणातून कळलं. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "माय, त्यात तुयाच आवाज जास्त हाय." चूक माझीच होती, ती मी इथं लिहून ठेवते.

त्यानं सुट्टी मागितली आहे. पाणी ओसरल्याशिवाय तिथं विमान उतरत नाही, म्हणतो. मालकांच्या गळ्यात नवीन गाठ आली आहे. हे मात्र मी त्याच दिवशी सांगितलं.

आता तो रोज फोन लावतो. माझ्याशी बोलत नाही. "फोन बाबाले दाखव," एवढंच. मालक वहीवर लिहितात आणि मी ती वही फोनसमोर धरते. पहिल्या दिवशी मी मोठ्यानं वाचायला लागले, तर तो म्हणाला, "तू नको वाचू. नुसती धर."

मी धरते. हात भरून येतो, तरी खाली करत नाही.