भोंग्यानंतरची बास्केट

उभ्या रत्नागिरीत स्वतःची चूक स्वतःहून, टाइप करून आणि तीन प्रतींत कबूल करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा शेजारी निघाला. सगळे त्यांना पंच म्हणतात. नोकरी जमीन मोजणीची, पण ती पोटासाठी. आपला जन्म बास्केटबॉलच्या मैदानात शिट्टी वाजवायला झालाय, असं त्यांचं स्वतःचं ठाम मत. मोजणीतही स्वभाव तोच. सख्ख्या मामाचा गडगा हद्दीच्या हातभर पलीकडे निघाला, तर यांनी मामालाच तो दगडन्‌दगड काढून मागे घ्यायला लावला. पुढे मामा गेले तेव्हा मामींनी यांना कळवलंसुद्धा नाही. "बरोबर आहे मामींचं," पंच म्हणाले, "पण गडगाही बरोबर आहे."

सामन्याच्या दिवशी पंच सकाळपासून कुणाशी बोलत नसत. दोन्ही संघांना आपण सारखेच परके असलो पाहिजे, म्हणून कुणाचा चहाही घेत नसत. स्वतःचा थर्मास घेऊन एका कोपऱ्यात पाठ करून बसत. रिंगची उंची मोजायला खुणा केलेला एक बांबू त्यांनी पाळला होता, आणि तो स्कूटरला बांधून ते शहरभर हिंडत तेव्हा लोक त्यांना आंबे उतरवणारा समजून बागेचा पत्ता सांगत. मिरकरवाड्यावर मासे आणायला गेले तरी यांचा न्याय चालूच. एकदा दोन बायका एका पाटीवरून भांडत होत्या. हे मधे शिरून म्हणाले, "थांबा, आधी हात कुणाचा लागला?" त्यातली एक म्हणाली, "वो पंच, तुमी सुरमई घ्या नि जावा घरी. हितं शिट्टी नको!" वहिनींची तक्रार वेगळी. "पंगतीत बसले तरी कुणाचं पान रांगेबाहेर आलंय ते यांना आधी दिसतं. भूक मागाहून लागते."

त्यांचा एकच गर्व होता. नियमाने मुभा असूनही ते टेबलाला कधी काही विचारत नसत. टेबल म्हणजे गुण लिहिणारे आणि वेळ बघणारे, म्हणजे आम्ही. मी कितीतरी वर्षं त्यांच्या सामन्यांना घड्याळ सांभाळलं. "डोळे मला दिलेत, टेबलाला नाही," असं ते माझ्या तोंडावर म्हणत आणि मी हसत असे.

मुलींच्या शालेय स्पर्धेचा अंतिम सामना होता. एक संघ शहरातला, दुसरा मालगुंडच्या बाजूच्या एका लहान शाळेचा. जिंकेल तो विभागाला जाणार. मालगुंडच्या मुली एका गुणाने पुढे होत्या आणि शेवटचे काही सेकंद राहिले होते. प्रेक्षकांत ढोल चालू होता. घड्याळात शून्य आलं, मी भोंग्याचं बटण दाबलं, आणि मान वर करून पाहिलं तर चेंडू अजून शहराच्या मुलीच्या दोन्ही हातांत होता. मग तो सुटला, रिंगवर नाचला आणि आत पडला. पंचांनी दोन बोटं खाली आणली. बास्केट धरली.

टेबलाने त्याच क्षणी उठून सांगायचं असतं. मी उठलो नाही. माझ्या शेजारी संघटनेचे सचिव टाळ्या वाजवत होते. भीती म्हणावी, तर तेवढीही नव्हती. जेवणाची पाकिटं आली होती आणि मला उशीर झाला होता. मी मान खाली घातली आणि गुणपत्रकावर वेळ लिहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंच दारात. कुणीतरी मोबाईलवर घेतलेलं चित्रण त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. दाढी केलेली नव्हती. "बघ," म्हणाले. ढोलाच्या आवाजातून भोंगा स्पष्ट ऐकू येत होता, आणि चेंडू हातात. त्यांनी ते मला पाच वेळा दाखवलं.

"तुला दिसलं होतं का रे?"

"त्या गर्दीत काय दिसणार, पंच."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. माझ्याच पायरीवर बसून त्यांनी पत्राचा मसुदा केला. 'चूक सर्वस्वी माझी आहे. टेबलावरील अधिकाऱ्यांचा यात कोणताही दोष नाही.' एवढ्या दोन वाक्यांत त्यांनी मला निर्दोष सोडलं, आणि मी त्यांचं शुद्धलेखन तपासून दिलं.

संघटनेच्या बैठकीत सचिव म्हणाले, "अहो पंच, तिकडच्या पोरी गप्प, त्यांचे पालक गप्प, मग तुम्हालाच का ही उठाठेव? मोबाईलवर आवाज मागेपुढे होतो." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. भोंगा आधी की चेंडू आधी?" पंच माझ्याकडे बघत होते, आशेने. मी म्हणालो, "नक्की आठवत नाही." ठराव झाला की पंच फार थकले आहेत, त्यांना विश्रांती द्यावी. चुकीबद्दल त्यांना कुणी काढलं नाही. चूक सांगितल्याबद्दल काढलं. मग समोसे आले.

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "मुलींची माफी मागायचीय. चल. टेबलाचंही कुणी हवं बरोबर." नाही म्हणायला कारण सापडेना. आरे-वारेच्या रस्त्याने ते स्कूटर चालवत होते आणि मी मागे बसलो होतो. शाळेच्या तांबड्या मैदानावर एकाच रिंगखाली मुली सराव करत होत्या. पंचांनी हात जोडले. "पोरींनो, सामना तुम्ही जिंकला होतात. मी चुकलो." मुली ओशाळून एकमेकींच्या मागे सरकल्या. कर्णधार मुलगी दहावीतली. शाळेकडून खेळायचं तिचं ते शेवटचं वर्ष. ती पुढे आली.

"सर, तुम्हाला दिसलंच नसतं. मधे आमची उंच मुलगी होती. मी टेबलाकडे बघत होते. घड्याळात शून्य होतं." मग तिने माझ्याकडे हात केला. "या सरांनी बघितलं. चेंडू हातात होता तेव्हा बघितलं, नि मग मान खाली घातली."

ती रागाने बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती वर्गात हजेरी सांगावी तसं सांगत होती.

पंचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, एकदाच. आम्ही परत आलो. फाटकाशी स्कूटर थांबवून फक्त म्हणाले, "उतर." मी कितीतरी दिवस उत्तरं तयार करून ठेवली, पण त्यांनी विचारलंच नाही. वहिनी फणसाचे गरे पाठवतात, पंच आमची शिडी नेतात, आणून देतात. टेबलावर मी अजून बसतो. नवीन पंच लहानसहान गोष्टही टेबलाला विचारतात आणि मी तत्परतेने सांगतो. माझं काम चोख आहे, असं सचिव चारचौघांत म्हणतात.

ती मुलगी शाळा सोडून गेली, पण पंच दर रविवारी त्या मैदानावर मुलींना शिकवायला जातात. धड उजाडलेलंही नसतं, तोच त्यांनी स्कूटर अंगणात काढलेली असते. परवा मी धीर करून कुंपणाशी गेलो. "पंच, मी येऊ का? घड्याळ वगैरे धरायला?"

ते स्कूटर पुसत होते. पुसायचे थांबले.

"नको," म्हणाले. "मुली ओळखतील."

माझा चेहरा पाहून त्यांनाच वाईट वाटलं असावं. आवाज उतरवून म्हणाले, "ह्या पोरी पास होऊन जाऊ देत. मग बघू." आणि मागच्या सीटवर त्यांनी चेंडूंची जाळी ठेवली, दोरीने दोनदा आवळली, हलवून पाहिली, आणि गेले.