मालतीताईंच्या भिंतीवरचा रिकामा खिळा

रिकामी माणसं एकत्र बसली की किस्से साठतच जातात. घरात ऐकायला कोणी असतं तर ते रोजच्या रोज सांगून संपले असते. आमच्यात बहुतेकांकडे तसं कोणी नाही, म्हणून आमचा साठा दांडगा!

आम्ही म्हणजे वारज्यातल्या एकाच सोसायटीतली चार म्हातारी माणसं. चौघांचीही मुलं कॉम्प्युटरमध्ये आणि चौघांचीही अमेरिकेत. रविवारी दुपारी आम्ही मालतीताईंकडे जमतो आणि एकमेकांच्या चेहऱ्याचे साचे काढतो. हसू नका! ताईंच्या अमेयनं एकदा फोनवर सांगितलं, "आई, काहीतरी हॉबी घे ना!" म्हणजे मला सारखे फोन करू नकोस. ताईंनी सल्ला मनावर घेतला. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, मला हे काम येत होतं. हाड मोडल्यावर लावतात ती प्लॅस्टरची पट्टी भिजवून तोंडावर थापायची, नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या आणि पाव तास गप्प पडून राहायचं. वाळलेला साचा निघाला की त्यात पीओपी ओतायचं. दुसऱ्या दिवशी चेहरा तयार!

ताईंनी आपला चेहरा हॉलमध्ये टांगला आणि शेजारी आणखी एक खिळा ठोकला. "हा अमेयचा. आला की काढू."

तो खिळा गंजायला लागला तरी अमेय यायचाच होता.

*

पीओपी आणायला मी आणि आगाशे कसबा पेठेत गेलो. आगाशे एकटेच राहणारे, बँकेतून रिटायर झालेले. तोंड उघडलं की समोरच्याला टोचणारच. दुकानदारानं पेपरातून मान वर न काढता विचारलं, "मूर्ती करायचीय?"

"नाही. आमचेच चेहरे."

"घरात बघायला कोणी आहे?"

"नाही."

"मग लहान पिशवी न्या."

एरवी टोचणाऱ्या आगाश्यांनी खिशातून पैसे काढले. आम्ही लहान पिशवीच आणली.

*

पट्टी लावण्याआधी भुवयांना आणि मिशांना भरपूर व्हॅसलीन चोपडावं लागतं. आगाशे म्हणाले, "काही गरज नाही. मी सकाळी तेल लावलंय." बँकेत असताना कोणाचं ऐकलं नव्हतं, आता काय ऐकणार! साचा ओढला तेव्हा डावी अर्धी मिशी साच्यात गेली. उरलेली कापायलाही ते तयार होईनात. "माझ्या मुलाला आज वेबकॅमवर दाखवतो. हसेल तरी."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "मग, हसला का?"

"म्हणाला, बाबा, तब्येत छान दिसतेय."

"आणि मिशी?"

आगाश्यांनी उरलेल्या अर्ध्या मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "कॅमेरा स्वस्तातला असेल."

*

चौथे मेश्राम. नागपूरचे. सरकारी नोकरीत साहेब होते, पण बोलणं अजून तिकडचंच. त्यांनी आपला पांढराफटक चेहरा दारासमोरच टांगला. समोरच्या फ्लॅटमधला आयटीतला एक पोरगा काही मागायला आला. भिंतीकडे बघून त्यानं चपला काढल्या, हात जोडले आणि मेश्रामवहिनींना म्हणाला, "सॉरी काकू, मला माहितीच नव्हतं. काका कधी गेले?"

मेश्राम किचनमधून बाहेर आले. "अजून गेलो नाही ना राजा. चहा पिऊन जाईन म्हणतो."

गंमत म्हणून वहिनींनी त्या चेहऱ्याचा फोटो मुलाला ईमेल केला. खाली काही लिहायचं राहून गेलं. अर्ध्या तासात अमेरिकेहून फोन! पोरगा रडत होता. मेश्रामांनी त्याची समजूत घातली, फोन ठेवला आणि आम्हाला म्हणाले, "दिवाळीलाही एवढा वेळ बोलला नव्हता, राजेहो."

मग काय, पुढच्या रविवारी आम्ही बाकीच्या तिघांनीही आपापल्या पीओपीच्या चेहऱ्यांचे फोटो पाठवले. खाली एक अक्षर न लिहिता. माझ्या मुलीचा फोन आला. आगाश्यांच्या मुलाचाही आला.

अमेयचं ईमेल आलं. "कूल!"

ताईंनी ते आम्हाला वाचून दाखवलं आणि पोहे करायला आत गेल्या. मला इतका राग आला की तो पोरगा शेजारी असता तर त्याचा कान उपटला असता... पण शेजारी असता तर हे झालंच कशाला असतं!

*

आणि मग अमेय खरंच आला. हिंजवडीत ऑफिसचं काम होतं, म्हणून आला. उतरला हॉटेलात, कारण तिथून ऑफिस जवळ. परत जायच्या दिवशी, रविवारी, एअरपोर्टला जाण्याआधी आईकडे डोकावला. खाली टॅक्सी उभीच. आम्ही तिघं तिथे होतो.

"जेवून जा," ताई म्हणाल्या.

"आई, फ्लाइट आहे गं."

"मग चेहरा तरी देऊन जा."

तो हसला. "किती वेळ लागेल?"

"पाव तास."

दिवाणावर आडवा झाला. मी पट्ट्या लावल्या, डोळे झाकले, ओठ झाकले. टीपॉयवर त्याचा मोबाईल वाजायला लागला. त्याचा हात चाचपडत निघाला. ताईंनी मोबाईल उचलला आणि शाळेत शिकलेल्या इंग्रजीत ठणकावलं, "ही इज विथ हिज मदर." आणि बंद करून टाकला. मग त्याचा तो चाचपडणारा हात आपल्या हातात घेऊन बसल्या.

पाव तास झाला. पट्टी टणक झाली होती. मी म्हटलं, "ताई, काढू या?"

ताईंनी साच्यावर बोट टेकवलं. "ओलं आहे अजून."

खालून टॅक्सीचा हॉर्न वाजला. अमेयनं पट्टीखालून "ऊं, ऊं" केलं. मी मेश्रामांकडे पाहिलं. मेश्राम पुढे झाले, त्यांनी साच्याच्या कपाळावर हात ठेवला. "ओलंच आहे, बाप्पा."

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. आता आगाशे उठले. त्यांनी साच्यावर टिचकी मारली. ठण्ण आवाज आला, सगळ्यांना ऐकू आला.

आगाशे म्हणाले, "बरंच ओलं आहे."