आमच्या घरची उपाशी वाम

आमच्या घरात कधी मासा शिजला नाही, पण एक मासा महिनाभर मुक्कामाला राहून गेला, असं सांगितलं की लोक हसतात. हसा बाप्पा! मी तेव्हा दहा वर्षांची होते. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. वर्ध्यातलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या, मागे न्हाणी आणि विहीर. बाबा शाळेत मास्तर. तरुणपणी सेवाग्रामला राहून आलेले, त्यामुळे अंगावर खादी, हातात टकळी, आणि वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर हे वळसा घालून जाणार. आई म्हणायची, "मुंगीले वाट देता अन् बायको पाण्याची घागर घेऊन मांगं उभी राह्यते, तिचं काई नाई."

पण त्या वर्षी आई काहीच म्हणत नव्हती. दिवाळीच्या आधी तिला मुलगा झाला होता. त्याला अंगावर पिताच यायचं नाही. ओठ लावायचा आणि सोडून द्यायचा. आई कापसाच्या बोळ्यानं त्याच्या तोंडात दूध पिळायची, ते गालावरून ओघळून जायचं. बाराव्या दिवशी त्याला पाळण्यात घालायचं होतं, त्याच सकाळी तो गेला. आई रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ताट पुढे ठेवलं तर दोन शितं चिवडायची आणि सरकवून द्यायची. मला तिचा राग यायचा, खरं सांगते. मी होते ना जिवंत! वेणी घालायला मला शेजारच्या काकूंकडे जावं लागायचं.

अशात एका रविवारी बाबा सायकलनं पवनारला गेले आणि डब्यात वाम घेऊन आले. नदीकाठी एक म्हातारी मासे विकत बसली होती. तिच्या टोपलीत ही एकटीच जिवंत होती, वळवळत होती. बाबांना बघवलं नाही. वाम म्हणजे सापासारखा लांबोडका मासा, टोकदार नाकाचा, पाठीवर बारीक काटे. गळ ओढून काढताना हिचा ओठ फाटला होता. बाबा म्हणाले, "जखम भरली की धाम नदीत सोडून देऊ."

शाळेत प्रयोगाच्या खोलीत काचेची एक मोठी चौकोनी बरणी पडून होती, ती हेडमास्तरांना विचारून घरी आणली. तळाशी नदीची वाळू घातली आणि आमच्या विहिरीचं पाणी भरलं. वाम लगेच तडफडायला लागली. का, तर पटकीच्या भीतीनं नगरपालिकेच्या माणसानं आदल्याच दिवशी विहिरीत लाल औषध टाकलं होतं! विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांच्या हे ध्यानात येऊ नये? बाबा कपाळावर हात मारून परत सायकल काढून गेले आणि नदीचं पाणी घागरीनं घेऊन आले. त्या पाण्यात वाम शांत झाली. वाळूत शिरली, नुसतं नाक बाहेर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बरणी रिकामी! बाबा खाटेखाली वाकून बघत होते, मी ओरडत होते. आणि आई उठली. कुणी न म्हणता उठली. जात्यापाशी गेली, पिठात माखलेली ती वाम तिनं दोन्ही हातांनी उचलली, काटे बोचले तरी सोडली नाही, आणि पाण्यात ठेवली. मग बोटाचं रक्त तोंडात घालून म्हणाली, "वरून फडकं बांधा न. लेकरू पडन नाई तं काय होईन?" महिन्यात तिच्या तोंडून निघालेलं पहिलं अख्खं वाक्य ते.

त्या दिवसापासून आई वामीच्या मागे लागली. आमच्याकडे घाटावर गेलं की माशांना कणकेच्या गोळ्या टाकायची रीत. तशा तिनं बोराएवढ्या, मग ज्वारीएवढ्या गोळ्या केल्या. भात कुस्करून टाकला. भिजवलेली डाळ टाकली. वाम ढुंकून बघेना. शिळं झालेलं आई चमच्यानं काढायची, पाणी बदलायची, पुन्हा नवीन गोळी. बरणीपाशी कुणी मोठ्यानं बोललं तर डोळे वटारायची. आठ दिवस झाले. वामीचं डोकं मोठं दिसायला लागलं आणि अंग दोरीसारखं बारीक. आईचंही तसंच होत चाललं होतं. "ते खाईन तं मी खाईन," म्हणायची.

शेवटी बाजाराच्या दिवशी बाबा त्या म्हातारीलाच घरी घेऊन आले. ती बरणीतल्या कणकेकडे बघून हसत सुटली. "अव माय! वाम का बामन आहे, कनिक खावाले? गुरुजी, गळाले काय लागते? गांडूळ लागते. त्याच्यासाठीच तं तोंड फाडून घेतलं तिनं. जितं गांडूळ टाका, जितं. तुमच्या न्हाणीपाशी केळ आहे न, तिच्या बुडाशी चिखलात पसाभर निंघतीन."

बाबांचा चेहरा उतरला. म्हातारी गेल्यावर म्हणाले, "हे आपल्याच्यानं होणार नाही. एकाला जगवायला दुसऱ्याचा जीव घ्यायचा? त्यापेक्षा उद्या सोडून येतो. नदीत तिचं ती बघेल."

आई बरणीपुढे आडवी उभी राहिली. "उपाशी?"

"अगं, पण..."

"आपल्या घरून उपाशीपोटी कोनी जात नाई. पोस्टमन गुळपानी घेतल्याबिगर जात नाई. आन् माह्या घरून एक गेला उपाशी. अजी, बारा दिवस होता तो माह्यापाशी, बारा दिवस. आता दुसरं नाई जाऊ देत." एवढं बोलून ती मटकन खाली बसली. बाबा उठले. टकळी घेऊन अंगणात गेले, पण सूत सारखं तुटत होतं.

सकाळी मी तोंड धुवायला मागे गेले तर केळीपाशी बाबा! धोतर खोचलेलं, हातात खुरपी, कोपरापर्यंत चिखल. दोन गांडुळं त्यांनी पानावर घेतली, पाण्यानं धुतली, तशीच हातात धरून थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले. मग आत येऊन एक बरणीत सोडलं. आम्ही तिघंही श्वास धरून. वाळूतलं नाक हललं. थांबलं. पुन्हा हललं. आणि वामीनं ते गांडूळ शेवयीसारखं ओढून घेतलं.

"खाल्लं! अजी, खाल्लं तिनं! पाह्यलं का तुमी?" आई ओरडली आणि ओरडता ओरडता रडायला लागली. बाळ गेल्यापासून पहिल्यांदा. भोकाड पसरून, लहान मुलीसारखी. बाबांनी चिखलाचा हात तसाच तिच्या पाठीवर ठेवला.

पुढे वामीचा ओठ भरला आणि बाबांनी तिला पवनारला नेऊन सोडलं, ते राहू द्या. मला सांगायचंय ते त्या दुपारचं. आईनं महिन्यानं चूल हातात घेतली होती. भाकरी, वरण, वांग्याची भाजी. बाबांचं ताट वाढलं, तर बाबा टकळीवरून उठेनात. म्हणाले, "आज माझा उपास. माझ्या हातून जीव गेला."

आई ताट घेऊन तरातरा अंगणात आली. मला वाटलं, आता आपटते. "प्रायश्चित्त घ्या, जलमभर सूत काता त्या किड्याच्या नावानं, मी नाई म्हनत नाई. पन या घरात आता उपाशी कोनी राह्यनार नाई. जेवा!"

बाबांनी घास तोडला. तोंडापर्यंत नेला आणि तिथंच थांबले. "सगळे तुलाच सांभाळत होते," ते हळूच म्हणाले. "पण त्याच्या तोंडात मलासुद्धा काही घालता आलं नाही गं."

आई त्यांच्या समोर जमिनीवर बसली. तो घास तिनं स्वतःच्या हातानं त्यांच्या तोंडात घातला. बाबा रडत होते आणि चावत होते. मग आईनं त्याच ताटातली भाकरी मोडून स्वतः खाल्ली, आणि दारात उभ्या असलेल्या मला बघून म्हणाली, "अन् तू काऊन दूर उभी व पोरी? ये. बस माह्यापाशी."